बाही वर करा

(दृश्य : टेबलावर उघडी हिरवी वही. एका रकान्यात निळ्या शाईतले आकडे.)

एआरटी केंद्रातली, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातली ही वही. कधीकाळी त्यातला एकच आकडा सगळं ठरवायचा : सीडी-फोर. रक्तातल्या लढाऊ पेशींची मोजदाद. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत औषधं मोफत मिळू लागली, मुंबईचं जेजे पहिल्या खेपेतलंच. पण बहुतेकांना ती मिळायची आकडा दोनशेखाली घसरल्यावर. तोवर काय? "तब्येत बरी आहे ना? सहा महिन्यांनी या."

पैशांची ओढाताण होतीच, पण तेवढंच नव्हतं. तेव्हाच्या काही गोळ्यांनी गाल बसायचे, काहींनी कोलेस्टेरॉल चढायचं. गोळ्या जितक्या उशिरा, तितकं हृदय सुखरूप, असं बऱ्याच डॉक्टरांनाही वाटायचं.

'स्मार्ट' चाचणीने हा समज उलटा केला. ३३ देश, ५,४७२ माणसं. निम्म्यांच्या गोळ्या चालू, निम्म्यांच्या सीडी-फोर अडीचशेखाली येईपर्यंत बंद. जानेवारी २००६ मध्ये नवी भरती थांबवावी लागली. गोळ्या चालू असलेल्यांत ३० मृत्यू, बंद केलेल्यांत ५५. आणि ज्याच्यासाठी गोळ्या टाळायच्या, तो हृदयविकारही बंद केलेल्यांतच जास्त! विषाणू मोकाट सुटला की शरीर आतून धुमसत राहतं. ताप नाही, दुखणं नाही. पण रक्तवाहिन्यांचं अस्तर झिजतं, रक्त गोठायला टपलेलं असतं.

मग आकडा पाचशेच्या वर असतानाच गोळी दिली तर? २०१५ मध्ये 'स्टार्ट' चाचणीचं उत्तर आलं : गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी. हृदयविकारात मात्र ठळक फरक नाही. अर्थात, त्यातली निम्मी माणसं छत्तिशीच्या आतबाहेरची. त्या वयात झटके येतात तरी किती? २०१७ मध्ये भारतानेही सीडी-फोरची अट काढून टाकली.

२००४ मध्ये रांगेत उभे असलेले तिशीतले लोक आज पन्नाशीत आहेत. विषाणू दबलेला, तरी हृदयाचा धोका इतरांपेक्षा जास्तच. 'रिप्रीव्ह' चाचणीत ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ जणांपैकी निम्म्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची एक गोळी दिली. भारतातलेही रुग्ण त्यात होते. २०२३ मध्ये निष्कर्ष आला : झटका, पक्षाघात यांसारख्या घटना ३५ टक्क्यांनी कमी.

(दृश्य : तीच वही, शेजारी बीपीचा पट्टा. एक हात पुढे येतो.)

"गोळ्या संपल्यात, तेवढ्या द्या."

"देते. आधी बाही वर करा."