आफ्रिकन गेम्स म्हणजे नक्की कुणाच्या घरचं लग्न?

नमस्कार मंडळी! आज सुरुवात क्रिकेटपासून करतो, कारण नाहीतर तुम्ही दहाव्या सेकंदाला दुसरा व्हिडिओ लावणार, मला माहितीये. तर मार्च २०२४, घानाची राजधानी अक्रा, अचिमोटाचं ग्राउंड. बायकांची टी-ट्वेंटी फायनल, झिम्बाब्वे विरुद्ध साउथ आफ्रिका. मॅच टाय, मग सुपर ओव्हर, आणि गोल्ड मेडल झिम्बाब्वेला. आपल्याकडे तेव्हा डब्ल्यूपीएल चालू होती त्यामुळे कुणाचं लक्ष असण्याचा प्रश्नच नव्हता, पण आफ्रिकन गेम्समध्ये क्रिकेट पहिल्यांदाच खेळलं जात होतं.

आता गंमत बघा. हे सगळं होतंय मार्च २०२४ मध्ये, आणि बॅनरवर, पाट्यांवर सगळीकडे लिहिलंय 'अक्रा २०२३'. छपाईची चूक नाहीये ती. स्पर्धा खरंच २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्हायची होती, ती सात महिने पुढे ढकलली गेली. का ढकलली, हाच आजचा विषय. कारण एवढं एक 'का' नीट कळलं ना, की एखादा आख्खा खंड आपली एशियन गेम्ससारखी मोठी स्पर्धा कशी भरवतो आणि घोडं नेमकं कुठे अडतं ते सगळं कळतं.

घानाला यजमानपद मिळालं २०१८ मध्ये. तेव्हा परिस्थिती बरी होती, सोनं-कोको-तेल विकणारा देश, लोकशाही शाबूत, जगभर कौतुक. मग कोव्हिड आला, कर्ज वाढत गेलं, आणि डिसेंबर २०२२ मध्ये घानाने सरळ सांगितलं की बाहेरच्या बहुतेक कर्जाचे हप्ते आम्ही सध्या भरत नाही. त्याच महिन्यात महागाईचा दर ५४ टक्क्यांवर गेला होता. ५४! आपल्याकडे ७ झाला तरी किराणाच्या दुकानात भांडणं होतात. मे २०२३ मध्ये आयएमएफने ३ अब्ज डॉलरचा प्रोग्रॅम मंजूर केला, तेव्हा कुठे श्वास घेता आला. आणि याच काळात बोर्टेमन नावाच्या भागात स्विमिंग पूल, टेनिस कोर्ट, इनडोअर हॉल असं भलंमोठं कॉम्प्लेक्स उभं राहत होतं. म्हणजे घरात उधारीवर रेशन आणि दारात मांडव, असा प्रकार.

पण थांबा, पैसा हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

लग्नाचंच उदाहरण घेऊ. मांडव कुणाचा, जेवणाचा खर्च कुणाचा हे ठरलं, पण आहेर कुणाच्या पेटीत जाणार हे ठरलंच नाही तर काय होईल? तसंच झालं. आफ्रिकन गेम्सचा मालक आहे आफ्रिकन युनियन, म्हणजे ज्यात सरकारं बसतात ती राजकीय संघटना. दुसरी पार्टी म्हणजे आफ्रिकेतल्या सगळ्या ऑलिंपिक कमिट्यांची संघटना, तिला म्हणतात अनोका. तिसरी पार्टी, वेगवेगळ्या खेळांच्या आफ्रिकन फेडरेशन्सची एकत्र संघटना. या तिघांच्यात करार आहे, आणि चौथा बिचारा यजमान देश, जो बिल भरतो. वाद लागला मार्केटिंग आणि टीव्हीच्या हक्कांवरून. फेडरेशनवाल्यांचं म्हणणं, खेळाडू आम्ही आणतो, पंच आमचे, नियम आमचे, मग स्पॉन्सरच्या पैशात आमचा वाटा कुठेय? युनियनचं म्हणणं, स्पर्धा आमची आहे, हक्क आमचे. शेवटी खेळवाल्यांनी पाऊल मागे घेतलं, म्हणाले आम्ही नाही येत.

आता तुम्ही म्हणाल नाही आले तर नाही, घानाने स्टेडियम बांधलंय, भरवून टाकायची. तसं होत नाही ना! ही स्पर्धा ऑलिंपिकची क्वालिफायर आहे का, इथल्या निकालाला रँकिंगचे पॉइंट मिळणार का, हे आफ्रिकन युनियन ठरवूच शकत नाही, ते ठरवतं त्या त्या खेळाचं आंतरराष्ट्रीय फेडरेशन. ते शिक्कामोर्तब नसेल तर चांगला खेळाडू कशाला येईल? पॅरिसला जायचं तिकीट मिळत नसेल तर दुखापतीची रिस्क घेऊन अक्राला कोण उतरेल. म्हणून मग बसाबस, बोलाबोली, मध्यस्थी, आणि तारीख गेली ८ मार्च २०२४ वर.

स्पर्धा झाली मात्र जोरात हं. उद्घाटन अक्राच्या युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमवर, इजिप्त पदकतालिकेत नेहमीसारखा वर, त्याच्यामागे नायजेरिया, आणि फुटबॉलमध्ये, तिथे ज्युनियर टीम खेळतात, घानाने दोन्ही गोल्ड घरातच ठेवले. मुलांनी युगांडाला हरवलं आणि मुलींनी नायजेरियाला एक्स्ट्रा टाइममध्ये. घाना-नायजेरिया म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे जे भारत-पाक तेच तिकडे ते, फक्त जास्त हसतखेळत आणि भाताच्या रेसिपीवरून सुद्धा. जोलोफ राईस कुणाचा चांगला, यावर ट्विटरवर युद्धं होतात, शोधून बघा.

बरं, आता जरा मागे जाऊ. मॅप लावलाय बघा मागे. अक्राची तारीख हुकली हा अपवाद नाहीये, हा या स्पर्धेचा जवळजवळ खानदानी रोग आहे. अगदी सुरुवातीचा एक प्रयत्न १९२९ चा, इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, स्टेडियम बांधून तयार, आणि वसाहतवाल्या सत्तांनी ऐनवेळी मोडता घातला. आफ्रिकेतले लोक एकत्र येऊन खेळायला लागले तर उद्या एकत्र येऊन आणखी काय करतील, ही भीती, दुसरं काय. मग देश स्वतंत्र झाले आणि १९६५ च्या जुलैमध्ये ब्राझाव्हिलला, म्हणजे काँगोच्या राजधानीत, पहिल्या गेम्स झाल्या. केनियाचा किप केइनो १५०० आणि ५००० मीटर दोन्ही जिंकला, तीन वर्षांनी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये गोल्ड घेणारा तोच. पण माझी आवडती गोष्ट फुटबॉल फायनलची. काँगो विरुद्ध माली, शून्य-शून्य, एक्स्ट्रा टाइम झाला तरी शून्य-शून्य. पेनल्टी शूटआउट तेव्हा नव्हतं. मग काय केलं असेल? कॉर्नर मोजले! ज्याला जास्त कॉर्नर किक मिळाल्या तो जिंकला. काँगो ७, माली २, गोल्ड यजमानांना. मालीवाल्यांना त्या रात्री झोप लागली असेल का हो? त्यात पुढचं यजमानपद त्यांच्याच बामाकोला, १९६९ साठी. पण १९६८ मध्ये मालीत लष्कराने सत्ता घेतली आणि ते लग्नच मोडलं. दुसऱ्या गेम्स झाल्या थेट १९७३ ला, लागोसमध्ये. नायजेरियाचं यादवी युद्ध १९७० ला संपलं होतं, आणि सगळ्यांना दाखवायचं होतं की आम्ही परत उभे राहिलोय. त्यासाठी लागोसच्याच सुरुलेरे भागात नॅशनल स्टेडियम बांधलं. ते नंतर कसं पडिक झालं ते बघून जीव हळहळतो.

आता २०११. यजमान ठरलं होतं झांबियाचं लुसाका. २००८ च्या शेवटी, जगभर मंदी, झांबियाने हात वर केले, पैसे नाहीत. शेजारच्या मोझांबिकने म्हटलं आम्ही करतो. हातात दोन-अडीच वर्षं! झिंपेटोचं स्टेडियम चीनच्या मदतीने उभं राहिलं, बाजूला खेळाडूंसाठी बिल्डिंगी बांधल्या, नंतर तिथे लोक राहायला गेले, आणि सप्टेंबर २०११ मध्ये मापुटोला स्पर्धा झाली सुद्धा. मग २०१९, यजमान होतं इक्वेटोरियल गिनीचं मलाबो. तेलावर चालणारा छोटा देश, तेलाचे भाव पडले, यजमानपद सोडलं. आणि उचललं कुणी, तर मोरोक्कोने.

ही मोरोक्कोवाली गोष्ट नीट ऐका, कारण मालक राजकीय असला की काय होतं ते इथे दिसतं. पश्चिम सहारा या भागावर मोरोक्को आपला हक्क सांगतो, त्या वादावरून तो १९८४ मध्ये आफ्रिकन देशांच्या संघटनेतून, म्हणजे आजच्या युनियनच्या आधीच्या अवतारातून, बाहेर पडला होता. संघटनेत नाही म्हणजे गेम्समध्येही नाही. म्हणजे आल्जियर्सला १९७८ मध्ये खेळल्यानंतर थेट २०१९ पर्यंत मोरोक्कोचा एकही खेळाडू आफ्रिकन गेम्समध्ये नाही! हिशाम एल गरूज, १५०० मीटरचा एवढा मोठा धावपटू, त्याच्या नशिबात ही स्पर्धाच नव्हती. २०१७ च्या जानेवारीत देश युनियनमध्ये परतला, आणि दोन वर्षांत रबातला थेट यजमान म्हणून उभा. रुसून गेलेला भाऊ परत येतो आणि येता येता आख्ख्या लग्नाचा खर्च उचलतो, यात प्रेम किती आणि हिशोब किती ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर हिशोब जास्त.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही, ती म्हणजे प्रवास. मुंबई ते दिल्ली दोन तास, तसं आफ्रिकेत नाही. पश्चिमेकडून पूर्वेला जायचं तर कितीतरी वेळा अदिस अबाबा, कासाब्लांका, नाहीतर चक्क इस्तंबूल किंवा पॅरिस फिरून. मुंबईहून आफ्रिकेत कामाला गेलेल्यांना तो अदिसचा मधला मुक्काम चांगलाच पाठ असेल. आता पन्नासेक देशांच्या टीम, त्यांच्या सायकली, होड्या, भाले, पोल व्हॉल्टचे ते लांबलचक बांबू, हे सगळं असं फिरवत आणायचं. गरीब फेडरेशन मग काय करतं, अर्धीच टीम पाठवतं.

आणि उरतं ते स्टेडियम. नायजेरियाची राजधानी अबुजाचं घ्या, २००३ च्या गेम्ससाठी बांधलेलं, ६०,००० सीटचं. गेम्स संपल्या आणि मेंटेनन्सला वालीच उरला नाही, गवताची पार वाट लागली, वर्षानुवर्षं राष्ट्रीय टीम दुसऱ्या गावांत खेळत होती. मग दांगोटे नावाच्या बड्या उद्योगपतीच्या पैशातून डागडुजी झाली, टीम परत आली, आणि मार्च २०२२ मध्ये तिथेच वर्ल्डकपची निर्णायक मॅच, समोर कोण तर घाना. १-१, दोन्ही मॅच मिळून बरोबरी, आणि अशा वेळी बाहेरच्या मैदानावर मारलेला गोल भारी धरतात म्हणून घाना कतारला, आणि चिडलेल्या पब्लिकने मैदानात घुसून मोडतोड केली. पुण्याच्या लोकांनी हसू नये, बालेवाडी १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलं, मधल्या काळात तिथे खेळांपेक्षा कॉन्सर्टचीच चर्चा जास्त झाली.

हेच अबुजा २०३० च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी उभं होतं, समोर आपलं अहमदाबाद. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला मिळालं, आणि नायजेरियाला सांगितलं की तुम्ही २०३४ ची तयारी करा, आम्ही मदत करू. आफ्रिकेत कॉमनवेल्थ एकदाही झालेली नाही. डर्बनला २०२२ ची मिळाली होती, २०१७ मध्ये काढून घेतली, पैशाची हमी देता आली नाही म्हणून, आणि ती गेली बर्मिंगहॅमला. तिथे झांबियाच्या वेळी जसं शेजारचं घर पुढे आलं तसं कुणी आफ्रिकेतलं आलं नाही. मला वाटतं फरक इथेच आहे. आफ्रिकन गेम्सचा यजमान पळाला तरी स्पर्धा खंडातच राहते, मोडकीतोडकी, उशिरा, चुकीच्या सालाचा बॅनर लावून, पण राहते.

पुढच्या २०२७ ला इजिप्तमध्ये आहेत. त्यांच्याकडे मैदानं आधीच आहेत, त्यामुळे मांडवाची काळजी नाही. आहेराचं बघायचं. आणि बोर्टेमनच्या कॉम्प्लेक्सचं क्रीडा विद्यापीठ करू असं घाना सरकार म्हणालं होतं, तर अक्रात किंवा तेमाला राहणारं कुणी मराठी माणूस हा व्हिडिओ बघत असेल तर एक चक्कर मारा हो तिकडे, पुलात पाणी आहे का तेवढं कमेंटमध्ये सांगा.