तुकडे कोणी विस्कटले?

नमस्कार, श्रोतेहो. मुलांना सकारात्मक विचार शिकवायचे म्हटलं की शाळेच्या भिंतीवर ‘नेहमी आनंदी राहा’ अशी पाटी लागते. पाटी वाचून कुणाची मैत्री जुळत नाही. मैत्री टिकते की तुटते, हे समोरच्याच्या वागण्याचा आपण काय अर्थ लावतो त्यावर ठरतं. पुन्हा सांगते, काय अर्थ लावतो त्यावर.

यावरचा एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी तो १९८० साली प्रसिद्ध केला. दुसरी, चौथी आणि सहावीतले मुलगे घेतले. काही वर्गात मारकुटे म्हणून ओळखले जाणारे, काही तसे नसलेले. एकेकाला खोलीत बसवून तुकडे जुळवायचं चित्र दिलं. बक्षीसही ठेवलं होतं. पलीकडच्या खोलीत आणखी एक मुलगा हेच करतोय, असं सांगितलं. मग याचं अर्धवट चित्र पलीकडे नेलं आणि स्पीकरवरून त्या मुलाचा आवाज आला. खरं तर तिथे कुणीच नव्हतं, आवाज आधीच टेप केलेला होता. काहींना ऐकू आलं की त्यानं चित्र मुद्दाम मोडलं. काहींना ऐकू आलं की मदत करताना चुकून विस्कटलं. आणि काहींना ऐकू आला फक्त तुकडे पडल्याचा आवाज. मग मोडलेलं चित्र परत आणलं, त्या दुसऱ्या मुलाचं चित्रही समोर ठेवलं आणि याला एकटं सोडलं.

मुद्दाम मोडल्याचं कळलं तेव्हा सगळेच चिडले. चुकून झाल्याचं कळलं तेव्हा मारकुट्या मुलांनीही हात आवरला. लक्षात घ्या, मारकुट्यांनीही हात आवरला! फरक पडला तो नुसता आवाज ऐकल्यावर. इतरांनी ‘चुकून पडलं असेल’ असं धरलं, मारकुट्यांनी ‘मुद्दामच केलं’ असं.

जाता जाता सांगते, तुकडे जुळवायचं असं एखादं चित्र प्रत्येक घरात असावं. दोन मुलं एकाच चित्रावर वाकतात, एकच तुकडा दोघांना हवा असतो आणि मागून घ्यायला शिकतात. मोबाइलवरच्या खेळात हे होताना मला दिसत नाही.

असो. तर मूल घरी येऊन म्हणतं, ‘तिनं मला खेळायला घेतलं नाही, मी तिला आवडतच नाही.’ लगेच ‘जाऊ दे गं’ म्हणू नका. आधी विचारा, नेमकं काय झालं? मग विचारा, आणखी काय कारण असू शकेल? तिनं ऐकलंच नसेल, डाव भरला असेल. कारणं मुलालाच शोधू द्या, तुम्ही पुरवू नका. आणि शेवटी, उद्या तिला काय विचारशील? ते वाक्य घरीच एकदा मोठ्यानं म्हणून घ्या.

मात्र रोज तेच मूल त्रास देत असेल, मारत, चिडवत, एकटं पाडत असेल, तर तिथे दुसरी कारणं शोधायला लावू नका. मुलावर विश्वास ठेवा आणि त्याच दिवशी वर्गशिक्षकांना भेटा.