टिटवीचा सडा

हा आवाज ओळखलात? रात्री टिटवी घरावरून ओरडत गेली की गोव्यातल्या आमच्या पेडण्यात म्हातारी माणसं अजून म्हणतात, गावात काहीतरी वाईट होणार. माझी आजी तर उठून देवापुढे दिवा लावायची.

आता तिलाच दिवसा बघा. मे महिना, कातळाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, गवत पार करपलेलं. कॅमेरा थांबलाय तिथे चार अंडी आहेत, दिसतायत का? मला पण पटकन दिसली नव्हती. घरटं म्हणजे नुसता खळगा, कडेला बारीक खडे, अंड्यांवर तसलेच काळपट डाग, निमुळती टोकं आत वळवलेली. नर-मादी आळीपाळीने बसतात, जवळजवळ चार आठवडे. आणि हे बघा, ही डबक्यावरून आली, पोटाची पिसं भिजवून, आणि तशीच ओली जाऊन अंड्यांवर बसली, कारण दुपारी हा कातळ इतका तापतो की अंडी गार ठेवावी लागतात, नुसती उबवून भागत नाही.

तेवढ्यात कुत्रं आलं. बघा कशी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतेय! रात्रीचा आवाज हाच, अंधारात बऱ्याचदा कोणीतरी तिच्या किंवा पिल्लांच्या जवळ गेलेलं असतं. यात अपशकुन कसला?

जुने शेतकरी मात्र हिच्यावर भरवसा ठेवायचे. अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागेत घातली तर कमी. गुजरात, राजस्थानात पण हेच मानतात. चार अंड्यांवरून सगळा पावसाळा कळतो असं मी म्हणत नाही, पण त्या निमित्ताने मिरगाआधी माणसं सड्यावर फिरायची, डबकी बघायची, मुंग्यांची वारुळं बघायची, पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतोय का ऐकायची, मग सरदीचं, म्हणजे पावसाळी भात पेरायची. चातक तर खरंच आफ्रिकेतून पावसाळी वाऱ्यांबरोबर येतो, म्हणजे तो दिसला की पाऊस जवळ आला हे काही उगाच म्हणत नव्हते.

हा शेवटचा शॉट याच सड्याच्या दुसऱ्या टोकाचा. इथे चिरेखाण झाली, म्हणजे बांधकामाचे चिरे कापून नेले, आता प्लॉट पाडतायत.

जेसीबीच्या वर फिरतेय ना, ती टिटवीच.