वीस पौंडांनंतर : इग्बोंवरचे शिक्के आणि इग्बोंचा अभिमान

मंडळी, नायजेरियाच्या आग्नेय भागात अबिया, अनाम्ब्रा, एबोन्यी, एनुगू आणि इमो अशी पाच राज्यं आहेत. ही इग्बो लोकांची भूमी. देशातल्या तीन मोठ्या समाजांपैकी हा एक. उत्तरेतले हौसा-फुलानी आणि नैर्ऋत्येतले योरुबा हे दुसरे दोन. इंटरनेटवर या तिघांचं भांडण बारमाही चालतं. विषय निवडणुकीचा असो, फुटबॉलचा असो की एखाद्या नटीच्या लग्नाचा, थोड्याच वेळात 'तुम्ही इग्बो असलेच' हे वाक्य येतं. त्यावर एखादा इग्बो तरुण उत्तर देतो की आम्ही जन्मजात कर्तबगार आहोत, म्हणून तुमचा जळफळाट होतो. मला आज या दोन्ही वाक्यांशी भांडायचं आहे. पहिल्याशी जास्त, पण दुसऱ्याशीही.

आधी शिक्क्याचं वय बघू. 18व्या शतकात कॅरिबियन बेटांवरचे आणि अमेरिकेतले मळेवाले गुलामांच्या 'जाती'चे गुणदोष लिहून ठेवत. 'इबो', म्हणजे इग्बो, माणसांपुढे त्यांचा शेरा असे : खिन्न, हळवे, जीव देण्याकडे कल. 1803 साली जॉर्जियातल्या सेंट सायमन्स बेटाजवळ इग्बो बंदिवानांनी त्यांना नेणाऱ्या गलबतावर उठाव केला आणि किनाऱ्याला लागल्यावर ते डनबार खाडीच्या पाण्यात शिरले. काही जण बुडून मेले. त्यांनी गुलामगिरी नाकारली होती. मळेवाल्यांच्या लेखी मात्र तो उदास स्वभाव ठरला.

पुढे दीडशे वर्षांनी त्याच समाजाविषयी नायजेरियात काय बोललं जात होतं? लोभी, घुसखोर, पैशासाठी काहीही करणारे, जिथं जातील तिथं सगळं बळकावणारे. खिन्न आणि हळवी माणसं एवढी आक्रमक कधी झाली? मला वाटतं, शिक्क्यात समोरच्या माणसापेक्षा शिक्का मारणाऱ्याची अडचण जास्त दिसते. मळेवाल्याला गुलामाच्या जीव देण्याची भीती होती, कारण त्यात त्याचे पैसे बुडत. 1950 च्या दशकातल्या उत्तरेला भीती होती ती रेल्वेच्या, टपालाच्या आणि कारकुनीच्या जागा कुणाला मिळतात याची.

त्या जागा इग्बोंकडे का गेल्या, याचं उत्तर रक्तात शोधायची गरज नाही. 1914 साली ब्रिटिशांनी उत्तर आणि दक्षिण जोडून एक वसाहत केली. इग्बो प्रदेश दाट वस्तीचा, जमीन थोडी. मिशनऱ्यांच्या शाळा आल्या तेव्हा गावागावांनी वर्गणी काढून मुलं शिकवली. उत्तरेत मुस्लिम अमीरांशी केलेल्या समझोत्यामुळे सरकारने मिशनऱ्यांना बरंच रोखून धरलं होतं. मग कारकून, तारबाबू, दुकानदार म्हणून दक्षिणेतली माणसं उत्तरेत पोचली. त्यांना राहायला ब्रिटिशांनी शहराबाहेर वेगळी वस्ती दिली, सबोन गारी. बाजारात रोज गाठ पडायची, शेजार मात्र कधी झाला नाही. 1953 साली कानोमध्ये दंगल उसळली. तिचं निमित्त होतं योरुबा नेत्यांच्या पक्षाचा दौरा. मार मात्र मुख्यतः इग्बोंना बसला. आणि हे 'घुसखोर' तरी किती उपरे? न्नाम्दी अझिकिवे, ज्यांना सगळे झिक म्हणत आणि जे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, ते 1904 साली उत्तरेतल्या झुंगेरू गावी जन्मले. पुढे नायजेरियातून फुटून निघालेल्या बिआफ्राचं नेतृत्व करणारे ओजुक्वू यांचाही जन्म तिथलाच, 1933 चा.

आता 15 जानेवारी 1966. या तारखेशिवाय एकही भांडण पुरं होत नाही. त्या रात्री लष्करातल्या काही तरुण मेजरांनी उठाव केला. पंतप्रधान बलेवा, उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेलो, पश्चिमेचे मुख्यमंत्री अकिंतोला मारले गेले. उठाव करणाऱ्यांत बहुसंख्य इग्बो होते आणि पूर्वेच्या इग्बो मुख्यमंत्र्यांना धक्का लागला नाही, हे खरं आहे. ते नाकारून कुणाचं भलं होत नाही. पण त्या कटात अडेमोयेगा हे योरुबा मेजर होते, त्याच रात्री उनेग्बे हे इग्बो अधिकारी मारले गेले आणि तो उठाव मोडून काढणारे सेनापती इरोन्सी स्वतः इग्बो होते, हेही तेवढंच खरं आहे. 'इग्बोंचा उठाव' या दोन शब्दांत यातलं काही उरत नाही. जुलैत उत्तरेतल्या सैनिकांचा प्रत्युठाव झाला आणि तोवर देशाची सत्ता हाती आलेले इरोन्सी मारले गेले. इबादानमध्ये त्यांचे यजमान असलेले फजुयी हे योरुबा अधिकारीही त्यांच्याबरोबर प्राणाला मुकले. त्या वर्षी उत्तरेत हजारो इग्बोंची कत्तल झाली आणि दहा लाखांहून जास्त माणसं होतं नव्हतं ते सोडून पूर्वेकडे आली. त्यांतल्या कारकुनाचा, सुईणीचा, सायकल दुरुस्त करणाऱ्याचा मेजरांच्या कटाशी काय संबंध होता? एकाच्या कृत्याची किंमत सगळ्यांकडून वसूल करायची, हे शिक्क्याचं खरं काम त्या वर्षी उघड्यावर दिसलं.

30 मे 1967 ला बिआफ्राची घोषणा, जुलैत युद्ध, 15 जानेवारी 1970 ला शेवट. मृतांचे अंदाज दहा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात, आणि त्यांतले बहुतेक भुकेने गेले, कारण नाकेबंदी हे युद्धाचं हत्यार होतं. सरकारने जाहीर केलं की यात कुणी जेता नाही, कुणी पराजित नाही. पण ज्यांनी बिआफ्राचं चलन बँकेत भरलं होतं, युद्धकाळात खात्यावर व्यवहार केले होते, त्यांना शिल्लक कितीही असली तरी सरसकट 20 पौंड मिळाले. कुणाची आयुष्यभराची कमाई असो, हातात 20 पौंड. पोर्ट हारकोर्ट शहरातली इग्बोंची घरं 'सोडून दिलेली मालमत्ता' ठरली. योरुबांच्या मुलखातल्या लागोसमध्ये उलट घडलं, तिथं बऱ्याच जणांना घरं परत मिळाली आणि काहींना शेजाऱ्यांनी साठवून ठेवलेलं भाडंसुद्धा. हेही मी मुद्दाम सांगतो, कारण योरुबांवर सरसकट आरोप करणाऱ्या इग्बो पोरांना ते ठाऊक नसतं. मग 1972 साली परदेशी कंपन्यांचे भाग नायजेरियन नागरिकांना विकायचा हुकूम निघाला. विकत घ्यायला पैसा हवा, आणि एका समाजाचा पैसा दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

माझा सगळा जीव ज्या गोष्टीत अडकला आहे ती इथून पुढची आहे. बँक दारात उभं करत नाही, सरकारी नोकरी दुर्मिळ, अशा वेळी या समाजाने आपली एक जुनी रीत हाताशी धरली. इग्बो भाषेत तिला इग्बा बोयी म्हणतात. बारा-पंधरा वर्षांचा मुलगा एखाद्या व्यापाऱ्याच्या घरी राहायला जातो. व्यापारी त्याचा 'ओगा'. मुलगा पहाटे दुकान झाडतो, माल उतरवतो, गिऱ्हाईक कसं ओळखायचं, उधारी कुणाला द्यायची, बंदरातून पेटी कशी सोडवायची हे बघत बघत शिकतो. पगार नाही. जेवणखाण आणि छप्पर ओगाचं. पाच-सात वर्षं सरली की ओगा त्याला 'सेटल' करतो : रोख भांडवल देतो, माल देतो, कधी गाळ्याचं भाडं भरतो. कागद बहुधा नसतो. दोन्हीकडचे नातलग आणि गाव हेच साक्षीदार. आणि हा नवा दुकानदार उद्या स्वतः दोन मुलं घेऊन येतो. एक माणूस आपल्याच बाजारात आपले प्रतिस्पर्धी उभे करतो, तेही स्वतःच्या पैशाने. व्यापारशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हे बसतं? लागोसच्या अलाबा बाजारातला विजेच्या वस्तूंचा व्यापार, न्नेवीतला गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यवसाय, आबातल्या चपला-बुटांच्या कार्यशाळा, ओनित्शाचा प्रचंड बाजार, या सगळ्यांच्या मुळाशी ही रीत आहे. न्नेवीत आज मोटारी जुळवणारा कारखाना उभा आहे.

'हे लोक फक्त आपल्याच माणसांना वर काढतात' असा आरोप होतो. ज्याला तारण म्हणून दाखवायला काहीच उरलेलं नाही, त्याच्यापाशी नातं एवढंच तारण असतं. पण रीतीत खोटही आहे. सेटल करायची वेळ आली की मुलावर चोरीचा आळ घेऊन हाकलणारे ओगा आहेत, आणि मुलींना या रीतीत जागा फार थोडी. हे सगळं धरूनसुद्धा मला ही माणसाने उभी केलेली एक थोर संस्था वाटते. संस्था म्हणजे कुणीतरी विचार करून, कष्टाने, पिढ्यान्‌पिढ्या टिकवलेली गोष्ट. 'धंदा आमच्या रक्तातच आहे' असं जेव्हा तो अभिमानी तरुण लिहितो, तेव्हा तो स्वतःच्या आजोबांचे कष्ट पुसून टाकतो. आणि विरोधकाला हवं तेच देतो. कर्तबगारी रक्तात असेल तर लोभही रक्तातच असणार, असं तो लगेच म्हणतो, आणि तुमच्यापाशी उत्तर राहत नाही.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण झिक यांचंच. 1949 साली इग्बो संघटनेपुढे बोलताना ते म्हणून गेले की आफ्रिकेच्या लेकरांना दास्यातून बाहेर काढण्यासाठी आफ्रिकेच्या देवाने इबो राष्ट्राची खास निर्मिती केली आहे. वसाहतीच्या अपमानात वाढलेल्या माणसांना धीर देण्यासाठी ते बोलले, हे समजू शकतं. पण ते वाक्य पाऊणशे वर्षं झाली तरी इग्बोंच्या वर्चस्वाच्या हावेचा पुरावा म्हणून फिरतं आहे. इग्बो कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी 1983 साली आपल्याच समाजाच्या या उद्दामपणाविषयी कठोर लिहिलं, आणि त्याच लेखनात इग्बोंना मिळणाऱ्या अन्यायाविषयीही तितकंच स्पष्ट लिहिलं. दोन्ही एकाच माणसाला म्हणता येतं.

अभिमानाला जागा नाही का? भरपूर आहे. इग्बो-उक्वू गावात 1939 च्या सुमारास एका गृहस्थाला घराशेजारी पाण्याचं टाकं खणताना कांस्याच्या वस्तू सापडल्या. पुढे पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी 1959 पासून उत्खनन केलं. मेण वितळवून केलेलं इतकं नाजूक ओतकाम, दीड लाखाहून जास्त मणी, आणि काळ साधारण 9व्या शतकाचा! एवढ्या जुन्या काळात इथं असं काम झालं यावर काही अभ्यासकांचा विश्वासच बसेना. तशीच 1929 ची बायकांची लढाई. ब्रिटिशांनी राजे नसलेल्या या मुलखात कागदावर नेमून 'प्रमुख' बसवले होते. ओलोको गावात शिरगणतीला आलेल्या माणसाने एका विधवेला तिची शेरडं-माणसं मोजायला सांगितली आणि बायकांवर कर बसणार असा तर्क हजारो बायकांपर्यंत गेला. त्यांनी त्या प्रमुखांच्या घरांना वेढे घातले, कचेऱ्या जाळल्या. गोळीबारात पन्नासहून जास्त बायका मेल्या, पण ती नेमणुकीची पद्धत सरकारला बदलावी लागली.

2023 साली लागोसमध्ये काय झालं ते थोडक्यात सांगतो. फेब्रुवारीतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पीटर ओबी या इग्बो उमेदवाराला त्या शहरात 5,82,454 मतं पडली, योरुबा नेते बोला टिनुबूंना त्यांच्या स्वतःच्या बालेकिल्ल्यात 5,72,606. तीन आठवड्यांनी राज्यपालपदाची निवडणूक आली तेव्हा ऱ्होड्स-व्हिव्हर या उमेदवाराची आई इग्बो आहे, एवढ्यावर तो 'आपला' नाही असा प्रचार झाला. नुसत्या चेहऱ्यावरून इग्बो ठरवून मतदारांना केंद्रांवरून हाकललं गेलं. शहर कुणाचं, ते उभं कुणी केलं, हा वाद मुंबईकराला मी समजावून सांगायला नको. त्या भांडणाला उत्तर देताना इग्बो तरुणही योरुबांना 'ओफे म्मानू' (तेलकट रस्सा) आणि 'अफोंजा' (फितूर ठरलेल्या एका जुन्या योरुबा सरदाराचं नाव) म्हणून हिणवतात, हे लपवू नये.

आणि आपण? 2013 साली गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याचे सोबती महामार्गावर बसले, आणि राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियनांची तुलना कर्करोगाशी केली. आपल्या बातम्यांत 'नायजेरियन' हा शब्द अमली पदार्थांच्या बातमीबाहेर किती वेळा येतो? वसई-नालासोपाऱ्याकडे राहून इथले कपडे आफ्रिकेत पाठवणाऱ्या माणसांचं नाव कुणी छापत नाही.

शेवटी जी गोष्ट इग्बो अभिमानाला सगळ्यात अवघड जाते तिच्याकडे येतो. 'आमच्यात राजा नसतो, सगळे समान' असं हा समाज सांगतो. पण त्यात 'ओसू' होते. देवतेला वाहिलेल्या माणसांचे वंशज. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, त्यांनी इतरांसाठी कोलानट (पाहुण्यांच्या स्वागताला फोडायचं फळ) फोडायचं नाही, त्यांची वस्ती वेगळी. आजही लग्न जुळताना मुलाकडचे-मुलीकडचे गावात जाऊन हळूच चौकशी करतात आणि ओसू निघालं तर ठरलेली लग्नं मोडतात. महाराष्ट्रात बसून हे ऐकताना यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही. योरुबांशी भांडताना कुणी हा विषय काढला की इग्बोच त्याला गप्प बसवतात, घरातलं बाहेर कशाला म्हणून. पण 1956 साली पूर्व विभागाच्या विधिमंडळाने ओसू प्रथा बेकायदा ठरवली, तेव्हा पूर्वेच्या मुख्यमंत्रिपदी झिक होते आणि सभागृहात इग्बो सदस्यांचं बहुमत होतं. हा कायदा त्यांनी बाहेरच्या कुणाच्या दबावाने केला नव्हता, आपल्याच घराविरुद्ध उभं राहून केला होता. फुशारकीच्या याद्यांत कांस्यमूर्ती असतात, न्नेवीच्या मोटारी असतात, कोट्यधीश असतात. तो कायदा आणि त्यासाठी सभागृहात हात वर करणारी ती माणसं मला त्या याद्यांत कधीच दिसली नाहीत. ती तिथं सगळ्यात वर असायला हवीत.