लिव्हर पिवळं दिसलं की टॉनिक? आधी इस्ट्रोजेन समजून घ्या

नमस्कार मंडळी. ‘पोस्टमार्टेममध्ये कोंबडीचं लिव्हर पिवळं निघालं, कोणतं टॉनिक देऊ?’ दर व्हिडिओखाली हाच प्रश्न. म्हणून आज फक्त लिव्हर.

पक्ष्यांमध्ये चरबी बनते ती मुख्यतः लिव्हरमध्ये. पोटातली चरबी ही नुसती साठवण. हे बहुतेकांना माहीत आहे, पुढे जाऊ.

तलंग, म्हणजे पहिल्यांदा अंडी देणार असलेली तरुण कोंबडी, अंड्यावर येऊ लागली की बिजांडकोशातून इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन सुटतं. ते स्टेरॉइड, म्हणजे चरबीत विरघळणारं. पेशीच्या आवरणातून सरळ आत शिरतं, केंद्रकातल्या रिसेप्टरला, म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि जनुकं चालू करतं. मग लिव्हर मक्याच्या स्टार्चपासून चरबी बनवतं आणि प्रथिनात गुंडाळून रक्तात सोडतं. ‘इस्ट्रोजेन लिव्हरमध्ये चरबी साठवतं’ असं बरेच जण लिहितात. साठवत नाही हो, बनवून पाठवायला लावतं!

ही पुडकी जेमतेम ३० नॅनोमीटरची. त्यांच्यावरच्या एका खास प्रथिनामुळे वाटेत स्नायूंना ती सहज फोडता येत नाहीत, माल थेट बलकात पोचतो. एका बलकात जवळपास ६ ग्रॅम चरबी, आणि लिव्हर ४०-५० ग्रॅमचं. म्हणून अंड्यावरच्या कोंबडीचं लिव्हर थोडं पिवळसर असणारच. तो आजार नव्हे.

पटत नसेल तर कोंबड्याकडे बघा. त्याला बलकाशी देणंघेणं नाही, तरी इस्ट्रोजेन टोचलं की त्याचंही लिव्हर बलकाची प्रथिनं बनवू लागतं आणि रक्तातला द्रव दुधासारखा गढूळ होतो. अमेरिकेत पूर्वी नर कोंबड्यांच्या मानेत इस्ट्रोजेनसारख्या रसायनाच्या गोळ्या बसवत. १९५९मध्ये ते बंद झालं. त्यातून मिळायची ती मुख्यतः चरबी. ‘ब्रॉयलर इस्ट्रोजेनवर फुगवतात’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. आजची वाढ पैदाशीतली निवड आणि खाद्य यांची आहे.

मग बिघडतं कुठे? पाठवणीत. चरबीचं पुडकं बांधायला लेसिथिन हा चरबीसारखा पदार्थ लागतो, आणि लेसिथिन बनवायला कोलिन हे जीवनसत्त्वासारखं पोषक द्रव्य. बनवणं जोरात आणि पाठवणी मंद, की माल लिव्हरमध्येच तुंबतो. त्यात उन्हाळा आणि पिंजऱ्यातली गर्दी. ताणामुळे वाढणारं कॉर्टिकोस्टेरॉन, हेही स्टेरॉइडच, स्नायू झिजवतं आणि लिव्हरला आणखी चरबी बनवायला लावतं. आजारी लिव्हर मेणासारखं ठिसूळ, सुरीला तेलकट लागणारं, वर रक्ताची गाठ. तुरा पांढरा पडलेला. मेलेली कोंबडी बहुधा वजनदार, चांगली अंडी देणारी.

आता उपाय, आणि इथेच सगळे चुकतात. खाद्यात तेल घालायचं, पण तेवढा मका काढून. तयार चरबी मिळाली की लिव्हरला स्टार्चपासून कमी बनवावी लागते. वरून तेल ओतलंत तर कॅलरी वाढतील आणि कोंबडी आणखी सुटेल. मका ३,३५०, तेल ८,८००, गव्हाचा कोंडा १,३०० किलोकॅलरी प्रति किलो धरा: खाद्याच्या टनामागे ७३ किलो मका काढा, २० किलो तेल आणि ५३ किलो कोंडा घाला. वजन तेच, ऊर्जा जवळपास तीच. प्रथिनं आणि अमिनो आम्लं मात्र पुन्हा जुळवून घ्या.

खाद्यात कोलिन देतात ते कोलिन क्लोराइडच्या रूपात. ते व्हिटॅमिन प्रीमिक्समध्ये, म्हणजे जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणात, मिसळून ठेवू नका. ते ओल धरतं आणि जीवनसत्त्वं खराब करतं. मिक्सरमध्ये वेगळंच टाका.