सिद्धेश्वर आहे की!

[दृश्य : पहाटेचा सिद्धेश्वर तलाव. पाण्यात मंदिराचं प्रतिबिंब.]

तसं बघायला गेलं तर सोलापुरात एक बेट आहे. चहूबाजूंनी तलावाचं पाणी आणि मधोमध सिद्धरामेश्वरांचं मंदिर. या बेटावर जायला तिकीट लागत नाही. चपला काढल्या की झालं.

पण आम्हा सोलापूरकरांना कित्येक वर्षं आपलं अख्खं गावच बेट असल्यासारखं वाटत आलंय. विमान नाही म्हणून कंपन्या येत नाहीत, कंपन्या नाहीत म्हणून पोरं पुण्याला जातात. चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हे रडगाणं तुम्ही ऐकलं असेल. गायलंही असेल.

[दृश्य : होटगी रोडचा विमानतळ, कुंपणाबाहेरून.]

एके काळी इथून किंगफिशरचं दोन पंख्यांचं एटीआर विमान मुंबईला जायचं. त्यात बसलेले सोलापूरकर थोडे, मान वर करून बघितलेले जास्त. मग ते बंद झालं. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये ती कंपनीच कायमची जमिनीवर बसली.

त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी इथून हजारो किलोमीटरवर आणखी एक सेवा थांबली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला सिली नावाची बेटं आहेत. वस्ती जेमतेम दोन हजारांची. पोट भरतं ते पर्यटनावर आणि थोडंफार नार्सिसस फुलांच्या शेतीवर. पेन्झान्स गावातून तिथं १९६४ पासून हेलिकॉप्टर जायचं. वीसेक मिनिटांचा प्रवास. ३१ ऑक्टोबर २०१२ ला ते शेवटचं उडालं. हेलिपोर्टची जागा विकली गेली आणि तिथं सुपरमार्केट उभं राहिलं. जिथून माणसं घरी जायची, तिथं आता भाजीपाला आणि बिस्किटं मिळतात.

मुख्य भूमीपासून ही बेटं साधारण ४५ किलोमीटरवर आहेत. म्हणजे किती? सोलापूर ते तुळजापूर.

[दृश्य : कोजागिरीची रात्र. तुळजापूर रस्त्यावर चालणारी माणसं.]

हे अंतर आमच्याकडची माणसं कोजागिरीला पायी तोडतात. आजीचा हात धरून नातवंडं चालतात, वाटेत कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी पायाला तेल चोळून देतं. तेवढंच अंतर मध्ये समुद्र आला की कसं होतं, हे सिलीच्या माणसांना विचारावं. त्यांची प्रवासी बोट वसंतापासून शरदापर्यंतच चालते, हिवाळ्यात बंद. हेलिकॉप्टर गेल्यावर थंडीत उरली ती छोटी विमानं, आणि धुकं पडलं की तीही जागची हलत नाहीत. मोठ्या उपचारासाठी मुख्य भूमीवर जायचं असतं. तारीख दवाखान्याची ठरलेली, पण जायचं की नाही हे धुकं ठरवणार. पर्यटकांचं तेच. पोचलो तरी परत येऊ की अडकू, अशी शंका असली की माणूस दुसरीकडे सुट्टी काढतो. पुढच्या काळात तिथल्या प्रवाशांची संख्या घटली. हेलिकॉप्टर परत आलं ते मार्च २०२० मध्ये, त्याच गावात नवीन हेलिपोर्ट बांधून. आणि लगेच कोरोना.

[दृश्य : सोलापूर स्टेशन, रात्र.]

मग आपलं काय बिघडलं होतं? खरं सांगायचं तर, घरात बसून कुणी राहिलं नाही. रात्री जेवून सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी दादरला उतरायचं. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आली. विमान गेल्याचा चटका बसला तो टॉवेल आणि चादरीच्या कारखानदारांना. त्यांचा परदेशी गिऱ्हाईक पुण्याला किंवा हैदराबादला उतरणार, पुढे चार-पाच तास गाडीत अंग आंबवून घेणार, आणि तेवढ्यात त्याला वाटेतलं दुसरं गाव सापडलं तर? हे नुकसान कुठल्या वहीत मांडता येत नाही, म्हणून ते खोटं ठरत नाही. पण त्याला बेटाचं दुःख म्हणू नये, एवढंच.

[दृश्य : चिमणी पाडल्याची जुनी चित्रफीत.]

विमान परत आणायला आम्ही काय पाडलं, तेही बघा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची वीज प्रकल्पाची चिमणी धावपट्टीच्या आड येत होती. वाद, उपोषणं, कोर्ट. १५ जून २०२३ ला ती काही सेकंदांत आडवी झाली. कुणी पेढे वाटले, कुणा ऊस उत्पादकाच्या डोळ्यांत पाणी आलं. एकाच गावात, एकाच दिवशी. आणि तरी पहिलं विमान, गोव्याचं, उडायला ९ जून २०२५ उजाडलं. म्हणजे एकटी चिमणीच आडवी आली होती, असं काही नव्हतं. मुंबईचं विमान त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झालं, तेही सरकारनं व्यवहार्यता तूट निधीचा, म्हणजे विमान कंपनीचा तोटा भरून देणाऱ्या पैशांचा, टेकू दिल्यावर. टेकू काढल्यावर काय, हे कुणी मोठ्यानं विचारत नाही.

[दृश्य : टर्मिनलबाहेर. मांडीवर शेंगाचटणीची पिशवी घेतलेला प्रवासी.]

आम्ही विचारलं. काका, हे विमान पुन्हा बंद पडलं तर?

त्यांनी पिशवीची गाठ जरा घट्ट केली.

"सिद्धेश्वर हाय की," म्हणाले. "आन् ती चुकली, तर एस.टी."