शिपिंग बिलावर सोलापूर कुठे असतं?

(सोलापुरात वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

प्रबंधांची शीर्षकं वाचून वाचून दोन शब्द आता मला झोपेतही दिसतात: 'विशेष संदर्भ'. 'भारताच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ सोलापूर जिल्हा.' डावीकडे अख्खा देश, उजवीकडे आपला जिल्हा आणि मधे एक स्वल्पविराम. एवढा भार तो बिचारा स्वल्पविराम पेलणार कसा? मग चार प्रकरणं देशावर लिहिली जातात, तीही इकडून तिकडून गोळा करून, आणि पाचव्या प्रकरणात सोलापूर येतं ते चादर, हुतात्मे आणि सिद्धेश्वराची यात्रा घेऊन. व्यापार कुठेच येत नाही.

हसू नका, अशा एका सिनॉप्सिसवर, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यावर, माझीही सही आहे. 'सोलापूर जिल्ह्यातून होणारी टेरी टॉवेलची निर्यात: दहा वर्षांचा आढावा, 2008 ते 2018.' विषय मंजूर झाला, मुलगा कामाला लागला. तीन महिन्यांनी आला आणि म्हणाला, "सर, आकडा कुठंच नाही." मी त्याला आधी रागावलो, नीट शोध म्हणालो. मग स्वतः शोधलं. खरंच नव्हता.

का नव्हता ते ऐका, कारण आजचं माझं सगळं बोलणं त्याच्याभोवती आहे. आपला टॉवेल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणला जातो, धुतला जातो, गठ्ठे होतात. पण बऱ्याचदा तो विकत घेतो मुंबईतला मर्चंट एक्सपोर्टर, म्हणजे स्वतः माल न बनवता दुसऱ्याचा घेऊन परदेशी विकणारा व्यापारी. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद, त्याच्या नावाचं, बंदर मुंबईजवळचं न्हावा शेवा. माल कुठल्या जिल्ह्यात तयार झाला हे शिपिंग बिलात लिहिणं सक्तीचं झालं 2020 च्या फेब्रुवारीत. म्हणजे त्याआधीची दहा वर्षं तुम्ही कितीही डोकं आपटा, सोलापूर त्या कागदावर नाही. आणि 2020 नंतरही तो रकाना भरतो कोण? कस्टम हाऊस एजंटच्या, म्हणजे निर्यातदाराची कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्याच्या, ऑफिसातला एखादा मुलगा, मालकाला फोन न करता. त्यामुळे तो आकडाही घ्यायचा तो चिमटीत धरून.

त्या मुलाचे तीन महिने गेले, ते माझ्यामुळे. सही करण्याआधी मी त्याला एकच काम द्यायला हवं होतं: कोरी सारणी आखून आण. वर वर्षं, डावीकडे तुला जे मोजायचंय ते, आणि प्रत्येक रकान्याखाली हा आकडा कुठून मिळणार त्याचं नाव. सारणी भरता येत नसेल तर विषय बदल. हे काम एका दुपारचं आहे. आता मी सारणी पाहिल्याशिवाय पेन उघडत नाही.

टॉवेल आणि डाळिंब, आपल्या जिल्ह्याची दोन्ही नाणी. संशोधकाच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जगभरच्या जकातखात्यांत मालाला एक सहा आकडी क्रमांक असतो, एचएस कोड. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत 1988 पासून चालू आहे. सुती टेरी टॉवेलला स्वतःचा कोड आहे, 630260. यूएन कॉमट्रेडवर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकड्यांच्या संकेतस्थळावर जा, कोड टाका, कुठल्या देशाने कुणाकडून किती घेतला ते समोर येतं. डाळिंबाला असं घर नाही. सहा आकड्यांवर ते 081090 मध्ये राहतं, म्हणजे 'इतर ताजी फळं'. भारताच्या आठ आकडी यादीत त्याला वेगळी खोली मिळते, 08109010. पण सहा आकड्यांच्या त्या चाळीत चिंच, चिकू, सीताफळ, बोर, लिची, सगळे एकत्र नांदतात. 'जागतिक डाळिंब व्यापार' म्हणून सुंदर रंगीत आलेख काढलेला प्रबंध मी पाहिलाय, आणि त्यातलं निम्मं काय होतं कुणास ठाऊक! डाळिंबावर काम करायचंच असेल तर भारताच्या बाजूचे आकडे घ्या, वाणिज्य मंत्रालयाचे किंवा अपेडाचे, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या सरकारी संस्थेचे. आणि जगाशी तुलना करण्याचा मोह आवरा.

आणखी दोन खड्डे पटकन सांगतो. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचं जानेवारी ते डिसेंबर. दोन्ही एका सारणीत घालू नका. दुसरं, निर्यात मोजतात एफओबी किमतीला, म्हणजे बोटीवर चढेपर्यंतच्या, आणि आयात बहुधा सीआयएफला, म्हणजे भाडं आणि विमा धरून. त्यामुळे भारताने पाठवलेला माल आणि जर्मनीने घेतलेला माल यांचे आकडे जुळत नाहीत. ते जुळत नाहीत म्हणून रडणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. ते जुळले तरच मला शंका येईल.

आता प्रश्न कसा असावा. एक नमुना देतो, हवा असेल तर घेऊन जा. पाकिस्तानला युरोपीय संघाने जीएसपी प्लस ही विकसनशील देशांसाठीची आयातशुल्काची सवलत दिली 1 जानेवारी 2014 ला, म्हणजे त्यांचा टॉवेल तिथे शुल्काविना जायला लागला. आपल्याला ती सवलत नाही. तर 2014 च्या आधी पाच वर्षं आणि नंतर पाच वर्षं, युरोपच्या 630260 च्या आयातीत भारताचा वाटा किती, पाकिस्तानचा किती, तुर्कस्तानचा किती? सारणी भरते. तारीख ठरलेली आहे, माल ठरलेला आहे, बाजार ठरलेला आहे. आणि मग पाच-सहा कारखानदारांकडे जाऊन विचारायचं: त्या वर्षांत गिऱ्हाईकानं भाव पाडून मागितला का? कराचीच्या दराचा कागद दाखवला का? काय झालं हे आकडा सांगेल, कसं झालं हे कारखान्यात कळेल. इथे 'विशेष संदर्भ' लिहावा लागत नाही. सोलापूर आपसूक आत आलेलं असतं.

विचारायचं कसं, ही वेगळी विद्या. माझ्या स्वतःच्या संशोधनाच्या वेळी मी शंभर प्रश्नावल्या छापल्या, चांगल्या जाड कागदावर, इंग्रजीत. साखर पेठ, भद्रावती पेठ, एमआयडीसी, सगळीकडे वाटल्या. परत आल्या अकरा. त्यातल्या चारांवर एकच हस्ताक्षर होतं. एका कारखान्याच्या दिवाणजीने सगळ्यांची सोय करून दिली होती! मग एक वयस्कर पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, कारखानदार मला म्हणाले, "मालक, कागद ठेवा बाजूला. चहा घ्या की आधी." घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि गुजराती व्यापाऱ्याशी हिंदी बोलणारा हा माणूस. त्याला मी 'पाचपैकी किती सहमत' असं विचारत होतो. त्या दिवशी दीड तासात त्यांनी जे सांगितलं, ते त्या अकरा कागदांत नव्हतं. पेमेंट किती महिन्यांनी येतं, नमुना नापास झाला की माल कुठल्या बाजारात जातो, सुताचा भाव वाढला की कुठल्या टॉवेलचं वजन गुपचूप उतरतं. हे शेवटचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं, आणि मी ते प्रबंधात लिहिलं नाही. माहिती देणाऱ्याला दिलेला शब्द प्रबंधाहून मोठा.

ज्या मुलाचा आकडा सापडला नव्हता, त्याचं काय झालं? त्यानं प्रश्नच फिरवला. आकडा नाही, कारण निर्यातदार दुसराच आहे. मग टॉवेल विणणारा स्वतः निर्यातदार का होत नाही? इथे त्याला सिद्धांत लागला, आणि पहिल्यांदाच तो सजावटीसाठी लागला नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी 1975 साली व्होल्वो, अ‍ॅटलास कॉप्को, सँडविक आणि फासिट या चार कंपन्यांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की कंपनी परदेशात पायरीपायरीने जाते: आधी नियमित निर्यात नाही, मग एजंटमार्फत, मग स्वतःची विक्री शाखा, मग तिथेच कारखाना. 1977 मध्ये योहान्सन आणि वाल्ने यांनी त्याचा सिद्धांत मांडला. अनुभव वाढतो तशी हिंमत वाढते, असं त्याचं सार. आपल्याकडे बाप एजंटच्या पायरीवर, मुलगाही तिथेच, नातू पुण्यात आयटीत. तिसऱ्या पायरीवर पाय का पडत नाही? भांडवल? भाषा? की एजंटच इतका सोयीचा, की पुढे जाण्यात तोटा? असा प्रश्न मिळाला की लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहिताना कापूस पिंजल्यासारखं वाटत नाही. काय वाचायचं आणि काय सोडायचं ते आपोआप कळतं.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. आधी पद्धतीचं प्रकरण लिहा, काय केलं ते आठवतंय तोवर. मग सारण्या, मग त्यांचा अर्थ. प्रस्तावना शेवटी. आणि कृपा करून रेशीममार्गापासून सुरू करू नका. टॉवेलच्या प्रबंधात मार्को पोलो काय करतो? इतिहास हवाच असेल तर वालचंद हिराचंदांपासून करा. 1882 चा जन्म, याच गावातला. 1919 च्या एप्रिलमध्ये सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली, त्या कंपनीच्या संस्थापकांतले ते एक. आपल्या मालाला आपली बोट हवी, हा त्यांचा हट्ट. आपला प्रश्नही जवळपास तोच आहे, फक्त बोटीच्या जागी मुंबईचा एक्सपोर्टर.

उचलेगिरीबद्दल यूजीसीचे 2018 चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढे शिक्षा. मुलं मला विचारतात, "सर, नऊ टक्के आलं, चालेल ना?" जणू उपवासाला साबुदाणा!

वेळापत्रकात दोन गोष्टी लिहून ठेवा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा कारखानदार भेटत नाहीत आणि भेटले तरी बोलत नाहीत. सांगोल्याचा बागायतदार तोडणीच्या हंगामात गाठू नका, तो तुम्हाला क्रेट उचलायला लावेल. मे महिना मुलाखतींना उत्तम. दुपारी दोन वाजता उन्हात कुणी बाहेर पडत नाही, मालक ऑफिसात पंख्याखाली बसलेले असतात आणि त्यांनाही कुणीतरी बोलायला हवं असतं.

ज्यांनी सिनॉप्सिस आणलेत त्यांनी चहानंतर थांबा. पहिलं पान आणि कोरी सारणी, एवढंच दाखवा. आणि शीर्षकात 'विशेष संदर्भ' असेल तर माझ्याकडे येण्याआधी तो खोडून या.